दिसलं तेवढंच लिही

कमल, तुझ्यावर लिहायला बसले आणि हाताच्या सवयीने कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाकली, खाली विषय लिहिला आणि त्याखाली 'उद्दिष्टे' असं लिहून मोकळी झाले. सवय कुठली जाते! अकोल्याच्या त्या अध्यापक विद्यालयात आपण दोघींनी जन्म काढला, उद्या मास्तर होणाऱ्या पोरापोरींना पाठाचं टाचण लिहायला शिकवण्यात. वर्गात पाय ठेवण्याआधी कागदावर लिहायचं, की आज मी काय शिकवणार आणि तास संपल्यावर मुलांना काय यायला लागेल. तर मी लिहिलं, 'हा लेख वाचून वाचकाला कमल समजेल.' लिहिलं मात्र, आणि तुझी लाल रेघ डोळ्यांपुढे आली. 'समजेल'च्या खाली, एक नाही, दोन.

"समजलं हे तुले दिसन कसं वं?"

खोडलं. मग लिहिलं, 'वाचक कमलची चार वैशिष्ट्ये सांगतो.' हे तुझ्या नियमात बसतं, कारण सांगितलेलं ऐकू येतं, मोजता येतं. पण ते वाचून मलाच हसू आलं. चार वैशिष्ट्ये म्हणे! तोही कागद बाजूला ठेवला. तू जाऊन आज सतरा दिवस झाले आणि माझं टाचण पहिल्या रकान्यातच अडून बसलं आहे.

आपले जुने विद्यार्थी तुझ्या आठवणींची एक पुस्तिका काढताहेत. त्यांनी मला फोन करून जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार असं क्रमाने लिहून मागितलं. मी म्हटलं, ते दुसऱ्या कोणाकडून घ्या. पुरस्कार तुला एकही मिळाला नव्हता, हेही कोणीतरी सांगेलच त्यांना. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. ती लगेच सांगायची हिंमत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं बोलते. तू म्हणशील, प्रस्तावना लांबली. लांबू दे.

आपण भेटलो ते अमरावतीला, बी.एड. करताना. मी बार्शीटाकळीची, तू दर्यापूरकडच्या एका खेड्यातली. होस्टेलमध्ये पहिले दोन महिने माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. 'ती पाटलाची पोरगी फार शेखी मिरवते, हाक मारली तर पाहत नाही,' असं माझ्याबद्दल ठरून गेलं होतं. शेखी कसली! माझा डावा कान लहानपणी वाहून वाहून गेलेला. त्या बाजूने कोणी बोललं तर मला पत्ता लागत नसे, आणि सांगायची लाज वाटे. तू मला काही विचारलं नाहीस. मेसमध्ये एक दिवस डावीकडे बसलीस, बोललीस, मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी उजवीकडे बसलीस, तेच बोललीस, मी उत्तर दिलं. असं आठवडाभर तू माझी चाचणी घेतलीस, हे मला फार नंतर कळलं. त्यानंतर तू जी माझ्या उजव्या बाजूला बसलीस, ती कायमची. मेसमध्ये, एसटीत, स्टाफरूममध्ये, सभेत, माझ्या भावाच्या लग्नाच्या पंगतीत. कधी कोणी ती जागा आधीच धरलेली असली, तर तू त्या माणसाला उठवायचीस, आणि का ते सांगायची नाहीस. कित्येकांना वाटे, ही बाई हट्टी आहे. हट्टी तर तू होतीसच.

सहा महिन्यांनी एकदा चालता चालता तू म्हणालीस, "तुह्या डाव्या कानाले आयकू येत नाई ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनी नाई. दिसलं."

तुझं सगळं शास्त्र या एका शब्दात होतं, आणि त्यावरून मी तुझ्याशी आयुष्यभर भांडले.

टाचणात 'विद्यार्थ्याला समजते', 'विद्यार्थी जाणतो', 'विद्यार्थ्याला आवड निर्माण होते' असं कोणी लिहिलं की तुझा लाल पेन निघालाच. पोरं तुला घाबरत. 'स्वतःच्या शब्दांत सांगतो', 'दोहोंतला फरक दाखवतो', 'नकाशात भरतो' असं लिहा, म्हणायचीस. निरीक्षणाच्या वहीतही तेच. पाठ बघून मी सरळ शेरा मारायची, 'पाठ चांगला झाला.' तू तो वाचून वही माझ्याकडे परत सरकवायचीस. "चांगला म्हंजे काय? दिसलं तेवढंच लिही." मग मी चिडून लिहायची, 'अकरा मुलांनी हात वर केले. मागच्या रांगेतल्या तिघांना कोणी विचारले नाही.' आणि खरं सांगते, ते लिहिताना माझ्याच लक्षात येई की पाठ काही तितकासा चांगला झालेला नव्हता.

इतका कोरडेपणा तुझ्यात आला कुठून, असं मला वाटे. ते मूर्तिजापूरच्या स्टेशनवर कळलं. पॅसेंजर दीड तास लेट होती, बाकावर तू माझ्या उजव्या हाताला, मधे संत्र्यांची पिशवी. तू दुसरीत असताना शाळेत साहेब तपासणीला आले होते. तुला दाराजवळ, सगळ्यांपासून हातभर लांब बसवलेलं. साहेबांनी तुझ्याकडे बोट केलं तेव्हा गुरुजी म्हणाले, हिला काही समजत नाही. साहेबांनी तसं लिहून घेतलं आणि पुढे गेले. तुला तेव्हा तिसापर्यंत पाढे पाठ होते. तुझ्या बाबांनी दुसऱ्याच्या शेतात बैलांमागे चालता चालता पाठ करून घेतलेले. एकही प्रश्न न विचारता तुझं प्रगतिपुस्तक भरून झालं.

"मनात काय हाये ते कोनाले दिसते?" तू संत्रं सोलता सोलता म्हणालीस. "म्हनून ज्याले जे वाटते ते लिवते. दिसलं तेवढंच लिवा म्हना त्याइले, मंग पाहू."

मी पाटलाची पोरगी, पहिल्या रांगेत बसलेली, ऐकू न येताही हुशार ठरलेली. त्या दिवशी मी तुला काहीतरी म्हणायला हवं होतं, कमल. मी संत्र्याच्या फोडी खात राहिले.

आता भांडणाचं सांगते. आपलं खरं भांडण पायऱ्यांचं. तू फळ्यावर जिना काढायचीस, सहा पायऱ्यांचा, आणि पुस्तकातले जड शब्द टाळून सोपी नावं लिहायचीस: आठवणे, समजणे, वापरणे, उकलून पाहणे, पारखणे, नवं घडवणे. शिकणं या जिन्याने चढतं, आणि खालची पायरी कच्ची असेल तर वरची टिकत नाही, असं तुझं ठाम मत. मुलाला आठवतच नसेल तर ते वापरणार काय आणि पारखणार काय? मी म्हणायची, मुलं काही जिन्याने चढत नाहीत, ती खिडकीतून उडी मारून थेट माडीवर येतात. एक मात्र आपल्या दोघींचं एकमत होतं. आपल्याकडचे मास्तर जन्मभर खालच्याच पायरीवर बसून राहतात. राजधानी कोणती, शोध कोणी लावला, सन किती. नुसत्या आठवणीचे प्रश्न. 'असे प्रश्न विचारून मुलाची परीक्षा होत नाही, अपमान होतो,' हे माझं वाक्य होतं. मी ते दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहायची. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

वलगावची ती मुलगी तुला आठवते? सहावीतली, दोन वेण्यांची. आपल्या एका विद्यार्थ्याचा सरावपाठ होता, जमिनीचे प्रकार. त्याने तिला उभं करून प्रकार विचारले. एकही सांगता आला नाही. मान खाली घालून उभी राहिली. तास संपल्यावर मी तिला बाहेर गाठलं आणि सहज विचारलं, तुमच्या शेतात कापसाची पऱ्हाटी कुठं चांगली येते? तिने जे सुरू केलं! खालच्या धुऱ्याकडे, बांधाजवळ, जमीन फाटते ती कशी, तिथं पाणी किती दिवस धरून राहतं, टेकाडाकडे मुरूम लागतो म्हणून आजोबा तिथं तूरच का पेरतात. मी धावत तुझ्याकडे आले. म्हटलं, बघ, आठवण्याची पायरी नाही, आणि पोरगी थेट पारखण्याच्या पायरीवर उभी आहे. पडला की नाही तुझा जिना?

तू शांतपणे डबा उघडत होतीस. "आठवन हाये वं तिले," तू म्हणालीस. "पुस्तकातली नाई, वावरातली हाये. तू आन् तो मास्तर, दोघंही भलतीकडं इचारून रायले."

"मी बरोबर विचारलं म्हणून तर कळलं!"

"मंग जिना पडला काहून म्हनतं?"

मग मी तुझ्या डब्यातल्या पातोड्या संपवल्या. वीस-बावीस वर्षं आपण हे भांडण पुढे चालवलं. माझ्याकडे जेवायला आलीस की म्हणायचीस, "उद्दिष्ट काय हाये? पाहुनी दोन पोळ्या जास्त खाईन, असं दिसलं पाहिजे." मी लग्न का केलं नाही हे कोणी विचारलं तर माझ्या आधी तूच सांगायचीस, "तिचं उद्दिष्टच ठरलं नाई." आणि वर मलाच डोळा मारायचीस.

मग आपण निवृत्त झालो. तू मिलिंदकडे, तुझ्या मुलाकडे, अमरावतीला राहायला गेलीस. मी अकोल्यातच, गोरक्षण रोडच्या त्याच दोन खोल्यांत. पुढे आपलं विद्यालयही बंद पडलं, प्रवेशच होईनात. परवा त्या रस्त्याने गेले तर फाटकाला साखळी, आत गवत. शाळांच्या भिंतींवर आता अध्ययन निष्पत्तींचे रंगीत तक्ते लावतात. मुलाला काय काय यायला हवं, सगळं छापील. त्यात एकाही ठिकाणी 'समजते' नाही, मी मुद्दाम शोधलं. तू जिंकलीस म्हणायला हवं. टाचणंही म्हणे मोबाइलवर तयार मिळतात. हे सांगून हसायला माझ्याजवळ कोणी नाही. शेजारच्या वहिनी चांगल्या आहेत, वाटीभर भाजी आणून देतात, पण त्यांच्यापुढे उद्दिष्ट आणि पायरी काढली तर त्या माझ्या तब्येतीची चौकशी करतील.

दर रविवारी चार वाजता तुझा फोन यायचा. उजव्या कानाला लावून मी तासभर बसायची. एका रविवारी तो दोनदा आला. पाचला पुन्हा वाजला आणि तू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस, काय वं, जेवली का. मी थट्टा केली. पुढच्या महिन्यात तीनदा. मग मिलिंदचाच आला. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याने मला सांगितलं. तो थांबत थांबत बोलत होता, आणि मी त्याला धीर द्यायच्या ऐवजी विचारलं, "अजून काय काय आठवतं तिला?"

सुरुवातीला मी पंधरवड्याला येत होते. अकोला-अमरावती तशी कितीशी लांब? सकाळच्या गाडीने निघालं की जेवणाच्या आत तुझ्या दारात. दुपारी काय खाल्लं ते तू विसरायचीस, पण वरण तोंडात घालून म्हणायचीस, "फोडनीत लसून जयला." एकदा तुझी नात मोबाइलवर कुठल्याशा सरांचा तास ऐकत होती. सर एकामागून एक विचारत होते, कोणी बांधला, कधी बांधला, कुठे बांधला. तू भिंतीला टेकून बसली होतीस. आम्हाला वाटलं, तुझं लक्ष नाही. तू एकदम म्हणालीस, "हा मास्तर एकाच पायरीवर बसून रायला." प्रज्ञा, तुझी सून, आणि मी पोट धरून हसलो.

त्या दिवशी परतीच्या एसटीत मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, मी जिंकले. आठवण्याची पायरी ढासळली आणि पारखण्याची शाबूत आहे. जिना खरा नाही. पुढच्या खेपेला मी तुला तसं म्हटलंसुद्धा. तू हसलीस आणि विचारलंस, "कोन जिंकलं?" मैत्रीण डोळ्यांपुढे विझत चालली आहे आणि ही बाई गुण मोजते आहे! इतकी मी वाईट नाही, कमल. मला तुझ्याशी भांडायचं होतं, इतकंच. ते एकच काम मला नीट येत होतं आणि ते करायला तूच लागायचीस.

मग उन्हाळ्यातला तो दिवस. तोच मला सांगायचा होता.

तू पोर्चमध्ये तुझ्या ठरलेल्या खुर्चीत बसली होतीस. ती खुर्ची तू कोणालाच देत नव्हतीस आणि हलवूही देत नव्हतीस, हे मला ठाऊक होतं. माझ्यासाठी प्रज्ञाने दुसरी आणून शेजारी ठेवली. तू माझ्या डाव्या बाजूला आलीस, ते माझ्या ध्यानातही आलं नाही. मी तुझ्याकडे तोंड करून तुझा हात हातात घेतला आणि विचारलं, "ओळखलं का?"

तू माझ्याकडे बघून हसलीस. पाहुण्यांकडे बघून हसतात तसं.

"नाव सांग माझं."

तू पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागलीस.

"बरं, आज वार कोणता?" तू म्हणालीस, सोमवार. गुरुवार होता. "आपलं विद्यालय कोणत्या गावात होतं?" तू म्हणालीस, दर्यापूर. आणि मग हळूच, अगदी अदबीने, "तुमी कोन जी?"

माझं डोकंच फिरलं. मला 'तुमी' आणि 'जी'! माझ्यातला मास्तर उठून उभा राहिला. आता हिला आठवायलाच लावते, असं ठरवून मी पिशवीत वाकले. बी.एड.चा आपला ग्रुपफोटो मुद्दाम आणला होता, तो सापडेना. मी खाली वाकून शोधत होते तेवढ्यात तू उठलीस. तुझी ती खुर्ची तू फरशीवर खरडत ओढलीस, माझ्या मागून नेलीस, आणि दुसऱ्या बाजूला ठेवून तिच्यात बसलीस. मला वाटलं, माझ्या प्रश्नांना कंटाळली, हिला मी जवळ नको आहे. फोटो सापडला. तो तुझ्यापुढे धरून मी विचारलं, "यातली मी कोणती?"

तू खूप वेळ पाहिलंस. मग एका अनोळखी मुलीवर बोट ठेवलंस.

मी म्हटलं, "चूक."

हा शब्द वर्गात वापरायचा नाही, असं आपण किती पोरापोरींना शिकवलं! मी तो तुझ्यावर वापरला. फोटो पिशवीत टाकला आणि उठले. "येते मी, चारची गाडी आहे." तू माझं मनगट धरून म्हणालीस, "बसा ना जी." मी सोडवून घेतलं. फाटकाशी वळून पाहिलंही नाही.

त्यानंतर मी आले नाही. दोन महिने. प्रज्ञाचा फोन दोनदा आला, मी गुडघ्याचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं. खरं कारण हे, की मला राग आला होता. आणि रागाच्या खाली असा हिशेब होता, की तिला मी आठवतच नाही, तर मी गेले काय आणि न गेले काय. आजारी माणसाचा राग कोणी करतं का? मी केला. रविवारी चार वाजता फोनकडे पाठ करून बसायची. मग एका सकाळी मिलिंदचा फोन आला. चहाचा कप हातात असतानाच तू गेलीस, म्हणाला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. भंतेजींच्या मागे सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. आपले विद्यार्थी आले होते, काहींचे केस माझ्याहून पांढरे. मी मागे एका टोकाला बसले. प्रज्ञा पाण्याचा ग्लास घेऊन आली, माझ्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "मावशी, एक इचारू का? तुमाले एका कानानं कमी आयकू येते का?"

मी चमकले. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मिलिंदलाही नाही. माझ्या घरचे सोडले तर तुझ्याशिवाय ते कोणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"आईनं. तुमी मागच्या वेळी आल्या तवा. तुमी पिशवीत काहीतरी शोधून राहिल्या होत्या ना, तवा आई तुमाले काहीतरी म्हनाल्या. मी दारातून पाहिलं. तुमी मान वर केली नाही. मग आई उठल्या आन् खुर्ची घेऊन पलीकडं गेल्या. मले नवलच वाटलं, त्या खुर्चीची जागा त्या कोनाले बदलू देत नव्हत्या. तुमी गेल्यावर मी इचारलं, आई, तिकडं काहून बसल्या? तर म्हने, तिले तिकून आयकू येत नाई."

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला. मग विचारलं, "काय म्हणाली होती? पहिल्यांदा, डावीकडून?"

"ते नाही आयकू आलं मावशी. माझं अर्धं ध्यान दुधाकडं होतं."

म्हणजे नाव नव्हतं, गाव नव्हतं, वार नव्हता, आणि तरी मी तुझ्यात होते. अख्खी होते. तुझ्या पायात, खुर्ची ओढणाऱ्या हातात होते. तुला मला काहीतरी सांगायचं होतं, ते सांगता यावं म्हणून तू उठून ठरलेल्या जागी आलीस. आणि मी तुझ्यापुढे फोटो धरून विचारत होते, यातली मी कोणती. जन्मभर ज्या प्रश्नांना अपमान म्हटलं, नेमके तेच प्रश्न मी तुला विचारले, एकामागून एक, आणि तुला नापास करून चारची गाडी पकडली. वलगावच्या त्या पोरीला तिच्या मास्तराने उभं केलं तसं मी तुला उभं केलं. आठवण होती, मी भलतीकडे विचारत राहिले. जिना पडलाच नव्हता. भांडण तू जिंकलीस, आणि हे मी तुला आता कुठं सांगू?

परत आल्यापासून घरात कोणाशी बोलणं नाही. भाजीवाला आला की दोन वाक्यं होतात. एसटीत परवा माझ्या उजवीकडे एक बाई बसली, चांगली बोलकी होती, मुलीच्या बाळंतपणाचं सांगत होती. प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येत होता. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, तिला बिचारीला वाटलं असेल मला ऐकू येत नाही. तू काय म्हणाली असशील, हे मी रोज मनात म्हणून बघते. तहान लागली, म्हणाली असशील. ऊन फार आहे, आत चल. किंवा माझं नाव. काहीही असू शकतं, आणि आता विचारायला कोणी नाही.

आज मी त्या दिवसाची डायरी काढली. रागात घरी येऊन दोनच वाक्यं लिहिलेली होती. 'कमलने ओळखले नाही. मला कंटाळली.' लाल पेन शोधला, तो कोरडा झाला होता, वाफेवर धरून चालवला. दोन्ही वाक्यं खोडली. ओळखलं नाही हे मला कुठं दिसलं होतं? कंटाळली हे तरी कुठं? मग आपली जुनी कोरी निरीक्षण वही होती, तिच्यात तू शिकवलंस तसं लिहिलं. 'उठली. खुर्ची स्वतः ओढली. माझ्या मागून फिरून उजव्या बाजूला आली. बसली. जाताना मनगट धरले. बसा म्हणाली.'

एवढंच दिसलं होतं, आणि एवढं पुरे होतं.

शेऱ्याच्या खाली निरीक्षकाच्या सहीची रेघ आहे. अमुक वेळी मी पाठाला हजर होते, असं त्यावर छापलेलं असतं. तासभर झाला, पेन हातात आहे आणि त्या रेघेवर माझी सही होत नाही.